पान सत्तेचाळीस

संगणकाच्या पडद्यावर, अगदी कोपऱ्यात बसून मी केराची टोपली बोलते आहे. नाक मुरडू नका. मला कसलाच वास येत नाही. वेत नाही, पत्रा नाही; कुणा चित्रकाराने चार रेघांत मला घडवले आणि पोट मात्र अथांग दिले.

माझा धर्म एवढाच: टाकलेले जपावे, ते कुठून आले हे ध्यानात ठेवावे आणि कायमचे पुसण्यापूर्वी एकदा विचारावे.

माझ्या मालकीणबाई भाषांतरकार. दिवसभर परक्यांची वाक्ये आपल्या भाषेत आणायची. सायंकाळी मात्र माझ्यातून एक फाइल बाहेर काढायची, तिच्यात पानभर लिहायचे आणि ती पुन्हा माझ्याच पोटात ढकलायची. ती त्यांची स्वतःची कादंबरी. सलग तीन वर्षे! केरासाठी जन्मलेली मी तिजोरी झाले. हर्षाने माझ्या चारही रेघा वाकड्या व्हायच्या बाकी होत्या.

एके सकाळी त्यांची भाची आली. संगणकदुरुस्ती हा तिचा व्यवसाय.

"मावशी, यंत्र रखडणार नाही तर काय? कचऱ्यात चार हजार फायली आहेत. टोपली करते रिकामी."

बाई स्वयंपाकघरात होत्या. भाचीने कळ दाबली. मी जिवाच्या आकांताने माझा एकुलता एक प्रश्न पडद्यावर उभा केला: 'कायमचे पुसायचे?' तिचे बोट सवयीने 'होय'कडे वळले, तोच बाई हात पुसत दारात आल्या.

"थांब. त्यात माझी कादंबरी आहे."

"कचऱ्यात?"

"मग कुठे ठेवू? बाकी सगळीकडे तुझे काका डोकावतात. कचऱ्याकडे त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही."

"निदान महिन्याने आपोआप रिकामी होईल असं करू?"

"मुळीच नको. मन बदलायला मला महिना पुरत नाही."

भाचीने फाइल परत पाठवली. तिची मूळ जागा मला पाठ होती: पडद्याच्या ऐन मध्यभागी. चहाच्या गप्पांत ती तिथेच राहिली आणि दुपारी काकांच्या दृष्टीस पडली. सायंकाळपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"कशी वाटली?" बाईंनी विचारले.

"झकास. फक्त सत्तेचाळिसावं पान काढ. मी इतका घोरत नाही."

बाईंनी त्यांच्यादेखत ते पान कादंबरीतून वेगळे काढले आणि माझ्यात टाकले. काका निश्चिंत झाले.

वाचकहो, मला घाईने रिकामे करू नका. माझा प्रश्न शेवटपर्यंत वाचा. ते पान माझ्यापाशी सुखरूप आहे. बाई कधीतरी परत मागतीलच, आणि त्याची जागा मला पाठ आहे: सेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीस यांच्या बरोबर मध्ये.