मंत्र लिहिणारा पंप

कारखान्यातली झाडून सगळी माणसं त्या टेबलाभोवती गोळा झाली होती. टेबलावर रुग्णाच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणारा पंप होता आणि शेजारच्या पडद्यावर तो चक्क मंत्र लिहीत होता, ओळीमागून ओळ! पूर्वी चालता चालता बंद पडायचा. मंत्र घातल्यापासून एकदाही थांबला नव्हता.

"यंत्रालाही मन असतं, लेकरांनो," मालकांच्या मेहुण्याचे गुरुमहाराज म्हणाले. "एकटं पडलं की रुसतं. आता नाम घेतंय, रुसेल कशाला?"

मंत्राच्या ओळी त्यांनीच प्रोग्रॅममध्ये घालायला लावल्या होत्या. आणि शिकलीसवरलेली इंजिनिअर मंडळी हात जोडून उभी!

तपासणीच्या बाईंनी मात्र हात जोडले नाहीत. मंत्रवाले पहिले पंप कालच इस्पितळात गेले होते, त्यातलाच एक त्यांच्या आईच्या उशाशी होता. बाईंना ना भीती वाटत होती, ना राग येत होता. आतून सगळं बधिर झालं होतं, हात तेवढे चालत होते.

त्यांनी मंत्र पुसून त्या जागी वाणसामान लिहिलं. पडद्यावर साबण, मीठ, काडेपेटी धावू लागलं. पंप मजेत चालू!

"साबणाचाही महिमा म्हणायचा," बाई कोरडेपणाने म्हणाल्या.

मग त्यांनी त्या ओळीही काढल्या आणि चिपला एक तार जोडली. थोड्या वेळाने पंप थांबला.

"श्रद्धा काढलीत, भोगा आता!" महाराज कडाडले.

"चिपच्या पोटातच नोंद ठेवणारा भाग असतो," बाई मालकांना म्हणाल्या. "कामात लुडबूड न करता सगळं टिपतो. हे बघा. औषध ढकलणारं काम आणि दाब मोजणारं काम एकाच क्षणी आली, एकमेकांची वाट बघत अडून बसली. ओळ लिहिण्यात वेळ जातो, एक काम मागे राहतं, टक्कर चुकते. मंत्र लिहा नाहीतर साबण."

"चुकते ना? मग झालं तर!" महाराज म्हणाले.

बाईंनी मंत्र परत घातला आणि औषधाची नळी चिमटीत धरली. दाब वाढला, दोन्ही कामांच्या वेळा पुन्हा जुळल्या. पंप अर्ध्या ओळीवरच थांबला.

बाईंनी इस्पितळात फोन लावला. "सिस्टर, आईचा पंप काढा. दुसऱ्या कंपनीचा लावा, आत्ता."

"लोकांना सांगू काय?" मालक पुटपुटले. "महाराजांचं नाव जोडलंय."

"पंप थांबतो, एवढंच सांगा आणि सगळे परत मागवा. बिघडलं तर का बिघडलं ते आधी शोधायचं, साहेब, हात मग जोडा हवे तर. बाकीच्या खाटांवरही कुणाच्या तरी आया आहेत."

मालकांनी फोन उचलला. तेव्हा कुठे बाई आईकडे जायला निघाल्या.