मैनाबाईंच्या पायातला नाग

नाशिकच्या अंबडला दर गुरुवारी तीनची शिफ्ट सुटली की माणसं घरी जायची नाहीत. कारखान्यांमागच्या मोकळ्या प्लॉटवर एक पत्र्याची शेड होती, तिथे सर्पनाथ महाराजांचा दरबार भरायचा. बाहेर सायकलींचा ढीग, नारळवाला, फुलवाली, आणि आत लाकडी बाजेवर कोणीतरी पाय वर करून आडवं झालेलं. ही २००२ सालची गोष्ट आहे. कुठल्या तरी जुन्या अडाणी काळातली म्हणून ती झटकून टाकायला नको.

त्या गुरुवारी बाजेवर सहादू होता. सहादू लेथवर काम करायचा, आठ तास उभा. त्याच्या डाव्या पोटरीवर करंगळीएवढी जाड, निळी, वेटोळी शीर फुगली होती. महाराजांनी ती सगळ्यांना फिरवून दाखवली.

"बघा, हा नाग. मागच्या जन्मी यानं वारूळ मोडलं. आता तो याच्या पायात बिऱ्हाड करून राहिलाय. भाडं नाय, पागडी नाय."

लोक हसले. मग महाराजांनी सहादूचा पाय उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला, "सर्प सर्प, पाताळ गच्छ" असं पुटपुटत टाचेपासून वर हात फिरवला आणि मांडीला काळा दोरा करकचून बांधला. "ऊठ," म्हणाले. सहादू उभा राहिला. पोटरी सपाट, नाग गडप. पुढच्या रांगेतल्या दोघांनी तिथल्या तिथे हात जोडले.

"एकवीस दिवस दोरा सोडायचा नाय," महाराजांनी बजावलं. "आणि पायाकडे बघायचं नाय. नाग लाजरा असतो. बघितलं की परत येतो. मग माझ्या नावानं बोंबलू नका."

लेथवाले, कंडक्टर, न्हावी, ट्रॅफिक पोलीस, सगळे येत होते. नाग नेमका उभ्याने काम करणाऱ्यांच्याच पायात का शिरतो, खुर्चीतल्या साहेबांना का सोडतो, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

मैनाबाईंनाही नाही. त्यांची अंबडला खानावळ होती. पंचवीस वर्षं ओट्यापाशी उभ्याने भाकऱ्या थापून त्यांच्या उजव्या पायात नागच काय, अख्खं वारूळ झालं होतं, आणि घोट्याजवळ चार महिने न भरणारी जखम. आठवड्यापूर्वी महाराजांच्या सेविकेने चादरीआड त्यांना दोरा बांधला होता. तेव्हापासून जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत, "माझा गेला बरं का. तुम्हीबी जाऊन या." सहादूला तिथे धाडलं ते त्यांनीच.

आता खरं सांगायचं तर मैनाबाईंनी पाहिलं होतं. दोरा बांधला त्याच संध्याकाळी, पीठ मळताना, लुगडं जरासं वर करून. नाग जागच्या जागी होता. आपणच पथ्य मोडलं, आता कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या गप्प बसल्या. सेविकेकडून आणखी एक दोरा बांधून घेतला, आधीपेक्षा घट्ट. पाय सुजला, दोरा मांसात रुतला, पावलाचा रंग वांग्यासारखा झाला. पाय गेला तर खानावळ गेली, हे त्यांना पक्कं कळत होतं. पण बोलायची लाज वाटत होती.

पुढच्या गुरुवारी सकाळी त्यांची भाची ललिता नाशिक रोडला गाडीतून उतरली. ललिता शिकायला मावशीकडेच राहिली होती. डॉक्टर झाली, मग सर्जन झाली, तरी हिचं शिक्षण संपेना. आता बंगळूरला रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया शिकत होती. सुट्टीत आली की हाताला सवय राहावी म्हणून कुकरच्या मुठीला, कपाटाच्या कडीला रेशमी दोऱ्याच्या गाठी मारत बसायची. मैनाबाई कौतुकाने सांगत, "आमची लली अंगातल्या नळ्यांची डॉक्टर हाय." त्यावर गिऱ्हाईकं म्हणत, "म्हणजे प्लंबरच की. आमचा मोरीचा पाइपबी दाखवतो ताईंना."

दुपारी ललिता खानावळीत आली तेव्हा बाकं भरलेली होती. मधल्या टेबलावर खुद्द सर्पनाथ महाराज सेविकेसोबत पिठलं-भाकरी हाणत होते. दरबाराआधी ते इथेच जेवत. ललिताचं लक्ष मात्र मावशीच्या पायाकडे गेलं. मैनाबाई एका पायावर भार देऊन उभ्या होत्या.

"काय झालंय?"

"काही नही शे, माय." घाबरल्या की मैनाबाईंना सटाण्याची, माहेरची बोली आठवायची.

ललिताने खाली वाकून लुगड्याचा काठ वर केला आणि तिचा चेहरा उतरला. "मावशी, हे दोरे आत्ताच्या आत्ता काढायचे. रक्त आत अडकलंय. पायात गाठ धरली आणि ती सुटून छातीत गेली, तर पायाचं सोड, तूच राहणार नाहीस."

"सात दिवस राह्यलेत फक्त."

"पोरी," महाराजांनी घास गिळला, "दोरा तोडशील तर नाग डोक्यात चढंल. जबाबदारी तुझी."

मैनाबाईंनी लुगडं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ललिताला कळलं, इथे वाद घालून मावशीचा पाय वाचणार नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं. "इथे कोणाचा नाग घालवलाय यांनी?"

सहादूने बिचकत हात वर केला. ललिताने त्याला बाकावर झोपवलं, पँट वर सारायला लावली. मांडीवर दोरा, आणि पोटरीवर नाग पुन्हा ऐसपैस. सहादूने मान फिरवली. तिने दोरा सोडला, त्याचा पाय आपल्या खांद्यावर घेतला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बघत गंभीरपणे म्हणाली, "भेंडी, बटाटा, पिठलं, वरण, भात, ताक स्वाहा." मग सहादूच्याच गमछ्याने मांडी आवळली. "ऊठ."

पोटरी सपाट.

"आता डोळे फाडून बघा," ललिता म्हणाली. "माझा नाग लाजरा नाही."

सगळे बघत राहिले. मिनिटभरात खालून शीर हळूहळू डोकावायला लागली. मग तिने गमछा सर्रकन ओढला, तशी निळी रेघ मांडीकडून खाली धावत आली आणि नाग फुगून तयार.

"विहिरीवरच्या मोटरीला फुटवॉल असतो ना? तो गळला तर काय होतं?"

"पाणी परत खाली येतं," रावजी फिटर म्हणाला.

"पायातलं रक्तही वर चढतं, आणि शिरेत जागोजागी तशाच झडपा असतात. वर्षानुवर्षं उभं राहून त्या गळतात, रक्त खाली साचतं, शीर फुगते. पाय वर केला की रिकामी होते. मांडी आवळली की वरून येणारं रक्त थांबतं, थोडा वेळ सपाट दिसते. गळती कुठे आहे हे शोधायची ही शंभर वर्षांची जुनी तपासणी आहे. आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात." ती महाराजांकडे वळली. "पाय असा खांद्यावर घ्यायला तुम्ही कुठे शिकलात? कुठल्या वॉर्डात होता कामाला?"

महाराजांनी सहादूकडे बोट केलं. "यानं बघितलं, म्हणून नाग परत आला," ते कसेबसे म्हणाले. "ज्यांनी पथ्य पाळलं त्यांना इचारा."

ललिता काही बोलणार तोच ओट्याकडून आवाज आला.

"मी बघितलं व्हतं." मैनाबाईंनी पीठ लागलेला हात वर केला. "पहिल्याच दिवशी. नाग कुठंच गेला नव्हता. मी खोटं बोलले. तुम्हाला समद्यांना खोटं सांगून तिकडं धाडलं."

सहादूचा हात वर गेला. मग रावजीचा. मग गोटीराम कंडक्टरचा, आणि कोपऱ्यातल्या दोघांचा. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच पापी, बाकीच्यांचे नाग गेले. शेवटी महाराजांच्या शेजारी बसलेल्या, स्वतःच्या पायालाही दोरा बांधलेल्या सेविकेने हात वर केला, तेव्हा महाराज पाणी न पिताच उठले आणि चपला शोधू लागले.

मैनाबाई मोरीच्या पडद्याआड गेल्या. दोन्ही दोरे कोथिंबिरीच्या सुरीने त्यांनी स्वतः कापले, ललिताला हात लावू दिला नाही. नाग डोक्यात काही चढला नाही. ललिताने पाय उशीवर उंच ठेवायला लावला, संध्याकाळी दवाखान्यात नेऊन गाठ धरलेली नाही याची खात्री करून घेतली. पुढे महिन्याभरात गळक्या शिरेचं ऑपरेशन झालं, पट्टा बांधून जखमही भरली. मैनाबाई आता उंच स्टुलावर बसून भाकऱ्या थापतात.

कोणी गंडा, ताईत, दोरा बांधून जेवायला आला की त्या आधी ताट वाढतात आणि मग विचारतात, "बघू नको म्हनलाय का बांधनारा?" हो म्हटलं की म्हणतात, "मग आधी बघ. आन् काय दिसलं ते मोठ्यानं सांग. असल्या बाबाला नुसता एकच दोरा लागतो, बाकीचं आपली लाज बांधून ठेवती."