दुसऱ्या टाकीतली शार्दोने

"वास यायलाय का, बाबा?"

संघप्रियाने पेला पुढे धरला होता. सिद्धोधनने नाक जवळ नेले आणि लगेच मागे घेतले. "यायलाय की."

"कशाचा?"

त्याला सांगता येईना. ओल्या दगडाचा, पिकल्या पेरूचा, की स्वतःच्याच भीतीचा? शेडमधल्या दोन्ही टाक्या थंडाव्याने घामेजल्या होत्या. बाहेर ताडकळसचे ऊन पत्र्यावर तडतडत होते.

तीन आठवड्यांपूर्वी संघप्रियाचा ताप उतरला, पण तिची चव आणि गंध घेऊनच. चहा आणि रॉकेल तिला सारखेच झाले. बाग वडिलांची, वाइन लेकीची, अशी नऊ वर्षांची वाटणी होती. ती आता एका बाजूने कोसळली होती. उद्या सकाळी नाशिकहून बाटल्या भरणारी गाडी येणार. त्याआधी दुसरी टाकी पहिलीत मिसळायची. पण ताप चढायच्या आदल्या दिवशी तिला दुसऱ्या टाकीत काहीतरी निराळे लागले होते. प्रयोगशाळेचे आकडे ठीक आले. तिची शंका मात्र त्या आकड्यांत मावत नव्हती. ती खरी असेल, तर मिसळताच वर्षाची सगळी शार्दोने, त्यांची ही पांढरी वाइन, वाया जाणार होती.

"घोटभर तोंडात घ्या, आन थुकून टाका," ती म्हणाली.

लहानपणी वडिलांशेजारी उभे राहून सिद्धोधनने पाचवे शील घेतले होते: मादक पदार्थांपासून दूर राहीन. अठ्ठावन्न वर्षांत थेंब शिवला नव्हता. पहाटे द्राक्षवेलींच्या ओळीतून चालत एक मणी दाताखाली फोडून तो म्हणे, तोडायला अजून चार दिवस. आणि चौथ्या दिवशी साखर मोजायचे यंत्रही तोडा म्हणे. त्या मण्यांचे पुढे काय होते, याचा त्याला फक्त रंग माहीत होता.

दारात रिकाम्या बाटल्या पुसत बसलेली त्याची बायको सगुणाबाई म्हणाली, "गावात पिणारे काय कमी हायेत? बोलवा एकाला."

"त्यांला चढती का, तेवढंच कळतं, आई."

"मग घ्या की तुमीच. इतकी वर्षं पोरीनं चाखलं तर ते शास्त्र, आन तुमी चाखलं की शील मोडायलंय?"

"थुकलं तर मोडतं का?" त्याने विचारले. कोणाला विचारले, हे त्यालाही उमगले नाही. शील घशात राहते की जिभेवर? आणि याच रसासाठी नऊ वर्षे वेली छाटणारे हे हात, ते कोणत्या शीलात बसतात? विचार वेलीच्या तणाव्यांसारखे जे सापडेल त्याला विळखा घालत राहिले. त्याने पेला उचलला.

गार, आंबट, मग काहीतरी लांबत जाणारे. त्याने बादलीत थुंकले.

"बिघडलीय का?"

"कळंना."

"असं कसं? तुमची जीभ तर..."

"ती द्राक्षाची हाय, माय. चांगली आसती तवा ही कशी लागती, मला कुठं ठावं हाय?"

संघप्रिया पालथ्या क्रेटवर बसली. तिघांनीही या जिभेवर भरवसा टाकला होता आणि एवढी साधी गोष्ट एकालाही सुचली नव्हती.

मग कोणी न सांगता तो पहिल्या टाकीकडे गेला. घोट घेतला, थुंकला. परत दुसरीकडे आला. डोळे मिटून उभा राहिला.

"पयली वरच्या माळाची हाय. ही खालच्या रानाची, काळ्या मातीतली. तिथल्या मण्याची साल चावली की असंच लागतं."

"म्हंजी चांगली हाय?"

"चांगली का वाईट, मला नको इचारू. रान वळखू आलं, बास."

संघप्रिया क्रेटवरून उठली. मग तिने पंपाची नळी सोडून गुंडाळली. "मिसळत न्हाई. दोन्ही येगळ्या भरू."

हे बरोबर झाले की चुकले, ते तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

संध्याकाळी त्याने तीनदा चूळ भरली, तरी ते लांबत जाणारे काहीतरी गेले नाही. आणि ते जावे असे आपल्याला खरेच वाटते का, हेही त्याला ठरवता येईना. बुद्धमूर्तीसमोर तिघे हात जोडून उभे राहिले. चार शीले तीन आवाजांत झाली. पाचव्याला त्याचे ओठ हलले नाहीत. ओळ दोन आवाजांत संपली.

मग डोळे न उघडता सगुणाबाईने ती ओळ पुन्हा एकदा म्हटली, एकटीने.