पितळी खुंटा

बूड तासता तासता तासणी हातातून निसटून होडीखाली गेली, म्हणून ओशिल्ड गुडघे टेकून आत सरपटली. तासणी हाताला लागली. बाहेर निघताना तिने सहज वर पाहिलं, आणि तिथेच थांबली.

होडी धक्क्याजवळच्या खडकावर पालथी घातलेली होती, त्यामुळे आतली बाकडी डोक्यावर होती. मागच्या बाकड्याला, सुकाणू धरणारा बसतो तिथे, एक नवाकोरा पितळी खुंटा बसवलेला होता. दोन शिंगांचा, दोर गुंडाळून अडकवायचा. एक स्क्रू वाकडाच गेला होता, आणि त्याच्या आजूबाजूला लाकडावर पेचकस घसरल्याचे ओरखडे होते.

ओशिल्डने त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

दुसऱ्या कुणाच्या होडीत असा खुंटा असता तर तिने ढुंकूनही पाहिलं नसतं. पण ही तिच्या नवऱ्याची, ताराल्डची होडी होती. गावातल्या निम्म्या लोकांना त्यानेच लहानपणी शीड चालवायला शिकवलं होतं आणि त्याचा पहिला धडा एकच असे: शिडाचा दोर हातात धरायचा, बांधायचा नाही. वाऱ्याचा झोत आला की दोर सोडून द्यायचा, शिडातला वारा निघून जातो, होडी सरळ होते. दोर बांधलेला असला की होडी उलटते. एवढंच. बांधलेला दोर दिसला तर ताराल्ड पोराच्या आईबापांदेखत बोंब मारायचा. आणि आता त्यानेच खुंटा बसवला होता.

ती होडीखाली तशीच बसून राहिली. गेल्या पानगळीत त्याच्या हातून कॉफीचा कप पडला, तेव्हा तो म्हणाला होता, थंडी आहे. मग हातमोजे घालायला त्याला वेळ लागायला लागला. जेवताना उजवा हात तो टेबलाखाली ठेवायला लागला. तिने हे सगळं पाहिलं होतं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. त्या हाताला दोर धरवत नाही, हे आता एका पितळी तुकड्याने तिला तोंडावर सांगितलं.

ओशिल्ड म्हातारपणापर्यंत समुद्राच्या काठी राहिली, पण शिडाच्या होडीत कधी पाय ठेवला नाही. ती पाण्याला भ्यायची. लाजत नव्हती त्याला, सरळ सांगायची. लग्न झालं त्या वसंतातच ताराल्डला म्हणाली होती, "मी काही येणार नाही तुझ्याबरोबर. पण होडीचं बूड मी बघणार. पाण्यात तुझ्या नि मरणाच्या मध्ये तेवढ्या फळ्याच असतात. त्या मी दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडणार नाही." तेव्हापासून शीड त्याचं आणि बूड तिचं. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातली नोकरी सांभाळून दर वसंतात ती जुना थर तासायची, सांधे भरायची, जवसाच्या तेलात पाइनचं डांबर मिसळून चोपडायची. घरात वसंत येतो तो डांबराच्या वासाने, असं ताराल्ड सगळ्यांना सांगायचा. माणसं तिच्या कष्टाचं कौतुक करायची. कष्ट कसले, निव्वळ भीती होती ती. दरवर्षी ती तिची भीतीच त्या फळ्यांत जिरवत होती.

संध्याकाळी कॉफी ओतताना तिने विषय काढला.

"यंदा कुठलं शीड लावणार?"

"उंच."

"जुनं चौकोनी लाव ना. डोलकाठी बुटकी, होडी कलंडत नाही. तूच म्हणतोस नेहमी."

"म्हणतो," ताराल्ड म्हणाला. "पण त्याची ती तिरकी काठी वर रेटायची म्हणजे कटकट. उंच शीड कसं, एक दोर ओढला की वर."

एका हाताने, हे तो बोलला नाही. ओशिल्डला मात्र ऐकू आलं.

"आता तरुण राहिला नाहीस, म्हाताऱ्या."

"म्हणून काय खिडकीत बसून विणकाम करू? बांगडा आला की मी बाहेरच्या बेटापर्यंत जाणार. माझा बाप जायचा, मी जातो. त्यात बोलायचं काय आहे?"

बोलायचं होतं. "तुझा हात" एवढे दोनच शब्द होते. पण ते उच्चारले की घरातलं सगळं बदलेल, तो एकदम म्हातारा होईल आणि आपणच त्याला केलेलं असेल, असं तिला वाटलं. तिची जीभ रेटेना.

मग तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं.

लाकडी होडी हिवाळाभर जमिनीवर राहिली की फळ्या वाळतात, सांधे उघडतात. म्हणून वसंतात ती सुलटी करून आत बादल्यांनी पाणी ओतायचं, ओली पोती अंथरायची, मग उथळ पाण्यात बुडू द्यायची. फळ्या पाणी पिऊन फुगतात, एकमेकींना घट्ट धरतात, मगच होडी माणसाला बसू देते. ओशिल्डने वरून डांबर चकचकीत चोपडलं. शेजारच्या सिवर्टच्या मदतीने होडी सुलटी केली. पण पाणी ओतलं नाही. कोरडा पूर्वेचा वारा आणि लख्ख ऊन होतं, ते तिने त्यांचं काम करू दिलं.

"पाणी ओतलंस?" ताराल्ड रोज विचारायचा.

"ओतलं."

तिचा हिशेब सरळ होता. होडी उतरवली की धक्क्यालाच चाळणीसारखी भरेल. मग पुन्हा भिजत ठेवावी लागेल, तोवर बांगड्यांचा पहिला लोंढा निघून जाईल. तेवढ्यात आपण धीर गोळा करू, त्याला डॉक्टरकडे नेऊ. रात्री मात्र तिला झोप यायची नाही.

एका सकाळी ती अंगणात चादरी वाळत घालत होती. सिवर्ट कुंपणावरून ओरडला, "ओशिल्ड, वॉफल तयार ठेव! बांगडा आलाय, बेटापाशी पाणी नुसतं खदखदतंय!"

"ताराल्ड झोपलाय अजून."

"झोपलाय कसला! मघाशीच होडी उतरवून दिली त्याला. म्हटलं, जरा धक्क्याला बांधून बघ रे पाणी येतंय का. तर मला म्हणतो, ओशिल्डने भिजवलीय, बघायचं काय त्यात?"

चादर तिच्या हातातून खाली पडली.

"त्याला आण," ती म्हणाली. "सिवर्ट, त्याला आण, होडी भिजवलेली नाही. मी नाही भिजवली."

दोघं धक्क्याकडे पळाली. टोकाच्या खडकापलीकडे उंच शीड दिसत होतं, पांढरं, सरळ. मग वारा वाढला आणि ते एका अंगाला झुकलं. झुकत गेलं. आणि खडकाआड दिसेनासं झालं.

सिवर्टची इंजिनाची होडी सुरू झाली तेव्हा ओशिल्ड आत बसलेली होती. आपण पाण्यावर आहोत हे तिला खडक ओलांडल्यावर कळलं. ती होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून होती. मीच मारलं, मीच मारलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. मे महिन्यातलं ते बर्फगार पाणी माणसाला फार वेळ जगू देत नाही, हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत असतं.

पलीकडे होडी दिसली. उलटलेली नव्हती. बाकड्यापर्यंत पाण्याने भरली होती, शीड मोकळं फडफडत होतं, आणि ताराल्ड कमरेपर्यंत ओला, डाव्या हाताने डबड्याने पाणी उपसत होता. खुंट्याला दोराचे वेढे तसेच होते, त्यापुढचा दोर कापलेला. सुरी त्याच्या मांडीवर होती.

त्याने तिला पाहिलं आणि उपसायचं विसरला.

"ओशिल्ड? तू? होडीत?"

तिने हात पुढे करून त्याची बाही धरली आणि किनारा येईपर्यंत सोडली नाही.

सिवर्टने होडी खडकावर ओढायला मदत केली, पाणी काढलं आणि काहीतरी काम असल्याचं सांगून तो निघून गेला. ताराल्ड घोंगडी पांघरून होडीशेजारी बसला. त्याने एका सांध्यावरून अंगठा फिरवला. नख आत गेलं.

"पाणी ओतलं नव्हतंस."

"नाही."

"खुंटा पाहिलास."

"पाहिला."

तो चिडेल म्हणून ती वाट पाहत होती. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं.

"मला विचारायचंस ना, अगं."

"भ्याले."

"मी पण," ताराल्ड म्हणाला. त्याने उजवा हात घोंगडीतून बाहेर काढला आणि पहिल्यांदाच तिच्यासमोर उघडा ठेवला. तो थरथरत होता. "दोर सुटेना गं. वेढा काढायला गेलो तर बोटं ऐकेनात. डाव्याने सुरी काढली म्हणून."

ओशिल्डने तो हात आपल्या डांबराळलेल्या हातात घेतला आणि ती रडली. मग नाक पुसून पेचकस आणायला गेली. खुंटा तिनेच काढला. दोन्ही भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, वर डांबर लावलं.

होडी भिजायला वेळ लागला. बांगड्यांचा पहिला लोंढा तोवर गेला, दुसरा आला. मधे ते डॉक्टरकडेही जाऊन आले; हात आता पूर्वीसारखा होणार नाही, एवढं डॉक्टरने सांगितलं. शनिवारी ताराल्डने बुटकी डोलकाठी आणि बापाचं चौकोनी शीड बाहेर काढलं. तिरकी काठी दोघांनी मिळून वर रेटली. धक्क्यावर उभ्या सिवर्टने होडी कडेला धरून ठेवली.

ओशिल्ड आत बसली.

"हा दोर धर," ताराल्ड म्हणाला. "मी सांगेन तेव्हा सोड. आणि बांधायचा नाही."

"बाई गं," ती म्हणाली. "बांधते कशाला? जीव मुठीत आहे माझा, त्याच मुठीत धरते."

शिडात वारा भरला आणि दोर तिच्या हाताला जोरात ओढ देऊ लागला. धक्का मागे राहिला. ताराल्डने डाव्या हाताने सुकाणू धरलं होतं. उजवा हात त्याच्या बाजूला बाकड्यावर, बुजवलेल्या दोन भोकांवर पडला होता आणि तो त्याने झाकला नव्हता. ओशिल्डने एकदा तिकडे पाहिलं आणि डोळे पुन्हा शिडावर ठेवले.