सदतीस अंश राखताना

मित्रांनो, मी एक जुना इनक्युबेटर आहे, आणि मला भीती वाटते ती माझ्याच पोटाची.

एका इस्पितळाच्या तळमजल्यावर, जंतू तपासायच्या प्रयोगशाळेत मी भिंतीला टेकून उभा असतो. बाहेर पत्र्याचं दार, आत काचेचं दार आणि तळाशी तापणारी तार, एवढाच माझा संसार. आजारी माणसाच्या रक्ताचा किंवा थुंकीचा थेंब एका गोल प्लेटमध्ये, जंतूंच्या खाद्यावर सोडतात आणि झाकण लावून ती प्लेट माझ्यात ठेवतात. मी तिला माणसाच्या अंगाइतकी ऊब देतो. सदतीस अंश. एका दिवसात तिथे घामोळं उठावं तसे जंतूंचे ठिपके उठतात. मग इथली माणसं शोधून काढतात, की हा कोण, तो शरीरात शिरून काय करतो आणि कोणत्या औषधाला दबतो.

मला घडवणाऱ्या कारागिराने शेवटचा स्क्रू पिळला आणि माझ्या दारावर थाप मारून म्हणाला, “जा बाबा, पिल्लं नीट सांभाळ.” त्याला वाटलं होतं, मी कोंबडीची अंडी उबवायला चाललो आहे.

नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक झालं. इथल्या मुख्य डॉक्टरीणबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या रोज आल्या की आधी माझ्या थर्मामीटरवरचा आकडा वहीत लिहायच्या आणि मगच पाण्याचा घोट घ्यायच्या. तीस वर्षांत हा नेम त्यांनी मोडला नाही. पुढे माझ्या दाराची रबरी पट्टी चिरत गेली. नवी मागवायला बाईंनी तीनदा अर्ज केला, पण वरून काही हललं नाही. मीही कुरकुर न करता तापत राहिलो.

मोठ्या बाईंचं नाक सगळीकडे प्रसिद्ध होतं. प्लेटचं झाकण जरासं उचलायचं, हाताने वारा नाकाकडे घ्यायचा आणि जंतूचं नाव सांगायचं. एकाला द्राक्षांसारखा वास, दुसऱ्याला ओल्या मातीचा. त्यांच्या गुरूंनी त्यांना असंच शिकवलं होतं. नव्या पुस्तकांत असं करू नका म्हणून छापलेलं होतं. त्यावर बाई म्हणायच्या, “पुस्तकाला नाक असतं तर त्यानेही घेतला असता वास.”

त्यांच्या हाताखाली जी टेक्निशियन होती तिला सगळे धाकटी म्हणत. मन लावून काम करायची आणि बाईंचा शब्द खाली पडू द्यायची नाही. तिला तेव्हा पाचवा महिना होता. तिसरे काचमामा, प्लेटा आणि बाटल्या धुऊन वाफेत निर्जंतुक करणारे.

एकदा एका माणसाच्या रक्ताची प्लेट माझ्यात आली. फॉर्मवर एवढंच होतं, ताप, वीस दिवस. तो माणूस काय काम करतो, ही जागा कोरी होती. दोन दिवस प्लेट रिकामी राहिली. तिसऱ्या दिवशी मला काचेतून दिसलं, की तिच्यावर दवाच्या थेंबांसारखे बारीक, पाणीदार ठिपके आले आहेत. इतका सावकाश उगवणारा पाहुणा मी आधी एकदाच पाहिला होता, आणि तेव्हा बाईंनी त्याची प्लेट हातमोजे घालून हूडमध्येच उघडली होती. हूड म्हणजे समोर काच असलेली, हवा गाळून बाहेर सोडणारी पेटी. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड नाही.

धाकटीने प्लेट उघड्या टेबलावर ठेवली.

“बाई, हे काय असेल हो? फार बारीक आहे.”

“तूच सांग. इतके दिवस माझ्या नाकावर जगतेस, आज स्वतःचं वापर,” बाई हसत म्हणाल्या.

धाकटीने झाकण उचललं आणि वास घेतला. “कसलाच येत नाही.”

“नीट घे गं, घाई काय आहे.”

तिने पुन्हा घेतला, खोल.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डातल्या डॉक्टरांचा फोन आला. तो माणूस शेळ्यांची बाळंतपणं करायचा. विचारलं नाही म्हणून त्यानेही आजवर सांगितलं नव्हतं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ती प्लेट हूडमध्ये नेली, ठिपका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि भिंगावरून डोळा उचलायचं विसरल्या. वाळू सांडल्यासारखे कण. जनावरांकडून माणसाला होणाऱ्या, महिनोन्‌महिने न उतरणाऱ्या तापाचा तो जंतू होता. नुसत्या श्वासातूनही आत जातो.

“शरीराचे जे पहारेकरी जंतूंना गिळतात ना, त्यांच्याच पोटात हा लपून बसतो,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “आणि गाभण शेळीच्या...” पुढचं त्यांनी गिळलं.

“बोला ना बाई. मला माहीत आहे. पिल्लं गाभातच जातात.” धाकटीचा हात पोटावर होता.

बाईंनी लगेच डॉक्टरांना फोन लावला.

त्या वेळी खोलीत होते त्या तिघांनाही औषध सुरू झालं. धाकटीला डॉक्टरांनी बाळाला चालतील अशा गोळ्या दिल्या, तीन आठवड्यांच्या. पण हा जंतू सहा महिन्यांपर्यंत कधीही डोकं वर काढू शकतो. म्हणून बाईंनी माझ्या तापमानाच्या वहीत आणखी तीन रकाने आखले. रोज सकाळी आधी माझा आकडा, मग तिघांचा.

काचमामांनी पहिल्याच आठवड्यात वही वाचून पाहिली. “सगळ्यांत थंड मीच दिसतोय. घरीसुद्धा हेच ऐकतो.” धाकटी हसली. बाई हसल्या नाहीत.

मित्रांनो, तोवर सदतीस हा माझा अभिमानाचा आकडा होता. आता रोज सकाळी धाकटीच्या तोंडातून थर्मामीटर निघेपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. साडेछत्तीस. छत्तीस पूर्णांक आठ. असे सहा आठवडे गेले, आणि एका सकाळी तिने आकडा वाचला, पण लिहिला नाही.

“किती?” बाईंनी विचारलं.

“अडतीस चार. काल सर्दी झाली होती, बाई. सर्दीचाच असेल.”

“असेल. रक्त तरी घेऊ.”

“तुम्हीच काढा. दुसऱ्या कुणाला नको.” तिने बाही वर केली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, “बाई, बाटलीची चिठ्ठी उलटी लावलीत.”

“पंख्याने फिरली.”

“पंखा बंद आहे हो.”

रक्त घेऊन झाल्यावर डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. दोन दिवसांत ताप उतरला. पण ताप सर्दीचा होता की त्याचा, हे एकच जण सांगू शकत होतं, जंतूंच्या पातळ खाद्यात तिचं रक्त मिसळलेली ती बाटली. एकवीस दिवस उबवायची. गढूळ झाली तर तो आहे. आणि ती बाटली ठेवली कुठे? माझ्या पोटात.

मी आजवर कुणाला ऊब देताना हात आखडला नव्हता. आता त्या बाटलीशेजारी मला माझीच ऊब नकोशी झाली. आत तो असेल तर त्याला वाढवणार मीच. नवव्या दिवशी सकाळी माझी चिरलेली पट्टी सुटली. दार किलकिलं झालं आणि मी गार होत चौतीसवर आलो. खोटं का सांगू, मला क्षणभर बरं वाटलं. गारठ्यात तो उगवणार नाही.

मग लख्ख कळलं. तो उगवला नाही तरी तिच्या अंगात असेलच. बाटली स्वच्छ राहील, सगळे निश्चिंत होतील, गोळ्या थांबतील, आणि तो पहारेकऱ्याच्या पोटात बसून वाट पाहत राहील. मी धडपडून तापायला लागलो, पण फटीतून सगळी ऊब निसटत होती.

बाई आल्या, आकडा पाहिला आणि पेन तसंच धरून उभ्या राहिल्या. काचमामांनी सायकलची जुनी ट्यूब कापून माझ्या दाराला चिकटवली आणि दार घट्ट बसेपर्यंत गुडघ्याने दाबून धरलं.

धाकटीने भीत भीत विचारलं, “चौतीस म्हणजे फार नाही ना? आजचा नववाच धरायचा ना?”

बाईंना हो म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या, “नाही गं. किती वेळ गार होता, मला सांगता येणार नाही. आजपासून पुन्हा एक.”

धाकटी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळली. “मग मला आता दोन कॅलेंडरं लागतील,” ती म्हणाली. “एक बाळाचं, एक बाटलीचं.”

ते एकवीस दिवस मी सदतीसवरून अर्धा अंशही हललो नाही. तारेतून कधी करकर आवाज यायचा आणि मला धडकी भरायची, की आत्ता तुटणार. बाई रोज बाटली उजेडाशी धरायच्या. मामा कपडे बदलायच्या आधी माझ्या दारावर हात फिरवून जायचे. धाकटी माझ्याकडे बघायचीच नाही.

एकविसाव्या दिवशी बाटली स्वच्छ होती. तरी बाईंनी हूडमध्ये बसून तिच्यातला थेंब प्लेटवर लावला आणि आणखी पाच दिवस थांबल्या. प्लेट कोरी राहिली. धाकटी स्टुलावर बसली आणि पदराने नुसतं तोंड पुसत राहिली. बाई तिच्याजवळ दुसरं स्टूल ओढून बसल्या. रकाने अजून चालू आहेत. सहा महिने व्हायचे आहेत, आणि बाळही यायचं आहे.

त्या दुपारी बाईंनी एक कागद लिहून माझ्या दारावर चिकटवला. ‘प्लेटचा वास घेऊ नये. मी एकीला घ्यायला लावला होता.’ खाली त्यांची सही.

धाकटी म्हणाली, “काढा हो ते, बाई. नव्या मुली काय म्हणतील?”

“म्हणू देत. विचारतील तेव्हा सांगेन.”

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या घरात कुणाला ताप आला, तर ते काय काम करतात, कोणत्या जनावराला त्यांनी हात लावला, हे डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. हा जंतू कच्च्या दुधातूनही येतो, म्हणून दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. आणि जी यंत्रं मुकाट्याने काम करतात, त्यांच्या पट्ट्या फाटण्याआधी बदला.

आज माझ्यात चौदा प्लेटा आहेत. त्यांतल्या एकीवर, मागच्या कोपऱ्यात, अजून काहीच उगवलेलं नाही. तिच्या फॉर्मवरची एक जागा कोरी होती, म्हणून मोठ्या बाई विचारायला स्वतः वॉर्डात गेल्या आहेत. त्या परत येईपर्यंत मला कुणी उघडू नये, एवढीच प्रार्थना करत मी उभा आहे.