वर उघडणारी दारं

ताईचा एक डोळा लहानपणीच गेला होता. दुसऱ्या डोळ्याचा पडदा सरकला आणि ऑपरेशन करून तो जागेवर बसवावा लागला, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या धाकट्या बहिणीला बाजूला घेतलं. "डोक्याला दणका बसता कामा नये. आता सगळं या एका डोळ्यावर आहे."

त्या दिवसापासून धाकटीला घरात नुसते कोपरेच दिसायला लागले. टेबलाचा कोपरा, खिडकीची कड, पलंगाचा पाय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओट्याच्या वर भिंतीला लावलेले छोटे कप्पे. त्यांची दारं बाजूला उघडायची, आणि उघडलेलं दार लावायची ताईला जन्मात सवय नव्हती. एका वसतिगृहाच्या भटारखान्यात तिची हयात गेली, तिथे फळ्यांना दारंच नव्हती. उघड्या दाराची कड बरोबर तिच्या कपाळाशी यायची.

"वर उघडणारी करून टाकू," कप्पे बघायला बोलावलेला सुतार मिस्त्री म्हणाला. "गॅस पंप, म्हणजे गॅस भरलेला दांडा, लावला की दार वर जातं. मध्ये काही येतच नाही."

"आणि वरून डोक्यात आलं तर?" धाकटीने विचारलं.

"पंप धरतो ना."

"पंप गेला तर?"

"बाई, उद्या छत पडलं तर?" मिस्त्री हसला. धाकटीला हसू आलं नाही.

पंप आणायला तीच गेली. दुकानदाराने दाराचं माप विचारलं, तिने हातांनी दाखवलं. तो म्हणाला, "एवढ्याशा दाराला साठ न्यूटन जोराचा पुष्कळ झाला. तोही एकाच बाजूला."

"सगळ्यात जोरकस कोणता?"

"दीडशेचा. पण तो मोठ्या, जड दारांना."

"तोच द्या. दोन्ही बाजूंना."

"मॅडम, एवढ्याशा दाराला दोन पैलवान कशाला?"

"पडायला नको," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: ताई डबा काढतेय आणि वरून दार येतंय.

मिस्त्रीने पंप हातात घेऊन भुवया उंचावल्या, पण लावून दिले. दार बंद करायला दोन्ही तळहातांनी रेटावं लागत होतं. धाकटीला तेवढंच बरं वाटलं. घट्ट आहे म्हणजे भक्कम आहे.

दुसऱ्या दिवशी ती कुरियरच्या ऑफिसात कामावर गेली. दुपारी नेहमीसारखा फोन लावला. ताईने उचलला नाही. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद पडला. समोरचा माणूस पार्सल पुढे सरकवून काहीतरी विचारत होता, तिला ओठ हललेले दिसले फक्त. पर्स उचलून ती निघाली. घाईत किल्ली कुलपात जाईना.

ताई ओट्याखाली जमिनीवर बसली होती. आजूबाजूला साखर सांडलेली. एक हात डोळ्यावर, आणि त्या बोटांमधून रक्ताचा ओघळ मनगटापर्यंत आलेला. वरती कप्प्याचं दार आ वासून उघडं होतं.

"साखर भरलेला डबा ठेवायचा होता, नीट दिसेना म्हणून जवळ जाऊन दाराची मूठ ओढली," ताई म्हणाली. "जरा ओढली, तर सुटलंच गं एकदम. वाघासारखं आलं अंगावर."

दार पडू नये म्हणून धाकटीने जिवाचा आटापिटा केला होता. ते उडेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"हात काढ. डोळा उघड बघू."

"नको."

"ताई, उघड."

"उघडला आणि दिसलं नाही तर?" ताईचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मिटलेला आहे तोवर बरं आहे, चिमणे. तोवर काही ठरलेलं नाही."

धाकटीने भिजवलेला पंचा ताईच्या कपाळावर धरला आणि गाडी बोलावली. प्रत्येक खड्ड्याला धाकटी ताईचं डोकं आपल्या छातीशी दाबून धरत होती.

दवाखान्यात जखम पुसून झाली. भुवईवर खोक पडली होती. डॉक्टर म्हणाले, "आता सावकाश उघडा."

ताईने धाकटीचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पापणी थरथरली, उघडली.

"डॉक्टर," ताई म्हणाली, "तुमच्या कॉलरचं बटण तुटलंय."

धाकटी तिथेच स्टुलावर बसून रडली. पडदा जागेवर होता. "यावेळी निभावलं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यातला 'यावेळी' तिला घरापर्यंत टोचत राहिला.

"दारंच काढून टाकते," ती घरी म्हणाली. "आणि तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

"मग मलाही गुंडाळून माळ्यावर टाक. वापरात नसलेल्या वस्तू तिथेच ठेवतो आपण," ताई म्हणाली. "तू माझ्या वाटणीचंसुद्धा घाबरतेस. या खेपेला मी येते दुकानात."

दुकानाच्या भिंतीवर नमुन्याचे कप्पे लावलेले होते. ताईने तोंड बाजूला वळवलं, हात लांब केला आणि एकेक दार उघडून पाहिलं. धाकटी मागे ओठ चावत उभी. एक दार झटक्यात वर गेलं, ते ताईने नुसत्या हाताच्या इशाऱ्याने नापास केलं. दुसरं मध्येच खाली यायला लागलं. तिसरं हाताबरोबर वर गेलं, सोडलं तिथेच थांबलं, आणि खाली ओढल्यावर निमूटपणे मिटलं.

"हे. हे शहाणं आहे."

"पण हा पंप जुना झाला की?" धाकटीने विचारलंच.

"गॅस कमी होतो तसं दार वर टिकत नाही, हळूहळू उतरायला लागतं," दुकानदार म्हणाला. "तसं दिसलं की लगेच बदलायचा."

मिस्त्रीने ते पंप बसवले, आणि लोखंडी मुठी काढून कडेला बोटं जातील अशी खाच केली. तो गेल्यावर ताई ओट्याशी उभी राहिली. हात वर गेला आणि अर्ध्यात थांबला.

"तू बाहेर जा," ती म्हणाली. "तू अशी बघत राहिलीस की मला भीती वाटते."

धाकटी बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकली. आतून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पंपाचा बारीक सुस्कारा. मग डब्याचं झाकण. मग पुन्हा शांतता, जरा जास्तच लांबलेली, आणि शेवटी दार टेकल्याचा हलका आवाज.

"लागलं नाही ना?" तिला राहवलं नाही.

"चहा ठेवलाय," आतून ताई ओरडली. "दूध आण."