डावीकडचा आवाज

माणसाचे डोळे फसतात, जीभ फसवते. पण कान कधीही खोटं बोलत नाही. परमेश्वरानं माणसाला दिलेलं एकमेव प्रामाणिक इंद्रिय म्हणजे कान. हा सिद्धान्त तीस वर्षांच्या वृत्तपत्री लेखनात मी निरनिराळ्या निमित्तांनी चार वेळा छापून आणला होता. त्या रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या सुदर्शनला तो मी पाचव्यांदा ऐकवत होतो, तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती, नंदाबाई, केसांना पंचा गुंडाळून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या. तिसरीला गॅस बंद करा, असं सांगून मी आंघोळीला गेले होते."

"मी बोलत होतो," मी म्हणालो.

"ते ऐकू आलं. आंघोळ करताना."

पुण्यात संसार करायचा तर असली वाक्यं अंगाला लावून घ्यायची नसतात. मी सुदर्शनकडे वळलो.

सुदर्शन मूळचा परभणीचा. हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी. साल दोन हजार तीन. त्या काळात अशा मुलांचा पगार दर वर्षी आमच्या कल्पनेबाहेर वाढत असे आणि तो कुठं घालवावा हे त्यांना कळत नसे. सुदर्शनला मात्र कळलं होतं. त्याला घरी उत्तम आवाजात गाणं ऐकायचं होतं. प्लेअर होता, स्पीकर होते, मधला पॉवर अँप्लिफायर तेवढा नव्हता. नवा पगारात बसत नव्हता, जुना बसत होता. वारज्यात कुणा दत्तोबांकडं एक जपानी यंत्र विकायला आहे असं त्याला समजलं होतं.

"काका, तुम्ही सोबत चला ना. माझ्या कानाचा मला भरवसा नाही. तुम्ही पेपरात गाण्यावर लिहायचात."

प्रत्यक्षात मी गाण्यावर कधीच लिहिलं नव्हतं. मैफलीला गेलेल्या श्रोत्यांच्या डब्यांवर आणि गवयांच्या शालींवर लिहिलं होतं. पण लोक इतकं बारकाईनं वाचत नाहीत, आणि मीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. शिवाय गेल्या तीन-चार वर्षांत पुण्यातल्या माणसांचा आवाज खाली आला आहे, दुकानदारसुद्धा तोंडातल्या तोंडात बोलू लागले आहेत, असं माझं सूक्ष्म निरीक्षण होतं. त्यावरचा माझा लेख गाजला होता. एवढा तयार कान घरी बसवून ठेवणं बरं नव्हतं.

पॉवर अँप्लिफायर म्हणजे काय, हे सुदर्शननं मला मोटारसायकलवर ओरडून समजावलं. त्यात रेडिओ नसतो, टेप नसतो, काही नसतं. त्याला स्वतःचं काही म्हणायचं नसतं. दुसऱ्यानं हळू सांगितलेलं तो मोठ्यानं सांगतो. मला त्या यंत्राबद्दल एकदम आपुलकी वाटली. वृत्तपत्रात मी याहून वेगळं काही केलं नव्हतं.

वारज्यात दत्तोबांच्या शेतावर चार मजली इमारत उभी होती. तिचं नाव इंग्रजीत 'हिरवी कुरणं' अशा अर्थाचं होतं. प्रत्यक्षात हिरवं असं एवढंच होतं, की पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मधे एक म्हैस बांधली होती आणि तिच्यापुढं कडवळ पडलं होतं. तळमजल्याच्या गाळ्यावर पाटी : 'दत्तोबा साउंड. दुरुस्ती करून मिळेल. दोष नसल्यास तसे सांगण्यात येईल.' पाटीतलं दुसरं वाक्य मला फार आवडलं. पुण्यात दोष नसल्याचं कुणी सांगत नाही.

दत्तोबा पंचावन्न-छपन्नचे. जत्रा आणि लग्नं यांत तीस वर्षं त्यांनी कर्णे लावले होते. आता ते काम पुतण्यावर टाकून ते फक्त दुरुस्ती करत. मला त्यांनी खुर्ची दिली, सुदर्शनला स्टूल.

"आधी गानं नाय लावायचं," ते म्हणाले. "नुसतं चालू करायचं आन गप ऐकायचं. चांगला अँप्लिफायर गप बसतो. घुंऽऽ करायला लागला, तर आतलं काय तरी म्हातारं झालंय समजायचं."

यंत्र चालू झालं. ते गप्प बसलं. मीही विद्वानासारखा गप्प बसलो.

"वास घ्या आता. करपल्याला आला तर चहा पिऊन निघा. मला राग नाय."

आम्ही वास घेतला. मग यंत्राच्या पाठीवर तळहात ठेवला. दोन्ही बाजू सारख्याच कोमट लागल्या पाहिजेत म्हणे. लागल्या. शेवटी त्यांनी जुन्या काळचं एक गाणं लावलं, ज्यात दोन्ही स्पीकरमधून आवाज अगदी सारखा यायला हवा. मी डोळे मिटले. तीन मिनिटांनी उघडले आणि निकाल दिला.

"डावीकडचा बसलाय."

"आँ?"

"डावीकडचा आवाज. कमी आहे."

दत्तोबांनी वाद घातला नाही. उठले, मागच्या वायरी काढल्या आणि डावीची उजवीला, उजवीची डावीला लावली. "आता दोष असला तर पलीकडं गेला पायजे. सांगा."

"डावीकडचाच कमी."

"मंग यंत्राचा दोष नाय. स्पीकरचा हाय." त्यांनी दोन्ही जड बॉक्स उचलून जागा बदलल्या. कपाळावर घाम आला. "आता?"

"डावीकडचाच."

दत्तोबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "वायरी बदलल्या. बॉक्स बदलले. आता बदलायचं काय ऱ्हायलं?"

तेवढ्यात बाहेर म्हैस ओरडली आणि ती बघायला मी पाठ फिरवली. फिरवली मात्र, दोष टुणकन उडी मारून दुसऱ्या बॉक्समध्ये गेला. मी पुन्हा तोंड फिरवलं. तो परत आला. तिसऱ्यांदा फिरलो, तेव्हा तो माझ्याबरोबर फिरला. बदलायचं काय राहिलं होतं, ते मला समजलं. ते माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूला, चष्म्याच्या काडीखाली होतं.

इथं सरळ माणूस हसला असता. 'अहो, माझाच कान गेलाय की!' असं म्हणाला असता आणि चहा प्यायला असता. मी काय म्हणालो, ते लिहिताना आजही लेखणी अडखळते.

"दोष फार सूक्ष्म आहे," मी म्हणालो. "सगळ्यांना ऐकू येणार नाही."

सुदर्शननं माझ्याकडं पाहिलं, स्पीकरकडं पाहिलं. बिचारा चांगल्या घरचा. वडीलधाऱ्यांना खोटं पाडायची त्याला सवय नव्हती. "हो," तो म्हणाला, "म्हणजे, आता काका म्हणाल्यावर थोडं जाणवतंय."

दत्तोबांनी आळीपाळीनं दोन्ही बॉक्सना कान लावला. मग खाली बसले.

"मला कायबी फरक लागंना." त्यांचा आवाज बदलला होता. "तीस वरसं कर्न्याच्या तोंडाशी हुबा ऱ्हायलोय. गेला असंल माझाच कान. घरची म्हनतीच."

मी म्हणालो, "होतं असं वयानं."

हे मी म्हणालो. मी, सहासष्ट वर्षांचा.

परत येताना मी सुदर्शनला काही सांगितलं नाही. नंदाबाईंनाही नाही. दोन दिवस लपूनछपून प्रयोग केले : डाव्या कानाला फोन लावला की फोन बंद, उजव्याला लावला की चालू. तिसऱ्या दिवशी त्या जेवताना म्हणाल्या, "तुमच्या डाव्या बाजूला बसून बोललं, की तुम्ही नुसते हसून मान हलवता. गेली तीन वर्षं. मी महत्त्वाच्या परवानग्या त्याच बाजूनं मागते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. डावीकडून सांगितलं बहुतेक."

हे हसण्यावारी गेलं असतं. पण तीन आठवड्यांनी सुदर्शन जिन्यात भेटला.

"काका, वारज्याला गेलो होतो. म्हटलं, थोडा दोष असला तरी घेऊन टाकू. दत्तोबा द्यायला तयार नाहीत. सगळं यंत्र उघडून बसले होते. दोष सापडेना. म्हणाले, मला ऐकूच येत नाही तर मी दुरुस्त काय करणार, लोकांना फसवल्यासारखं होतं. पाटी काढून ठेवलीय त्यांनी. नवीन काम घेत नाहीत."

मी रेलिंग धरलं. त्या पाटीचं दुसरं वाक्य डोळ्यांपुढं आलं. दोष नसल्यास तसे सांगण्यात येईल. माझ्यातला दोष मी त्या माणसाच्या कानात घालून आलो होतो, आणि तो बिचारा त्या दोषाला जागत होता.

दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी एका काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले, बरेचसे ऐकवले नाहीत असं मला वाटलं. कागद पाहून ते म्हणाले, "डावा जवळजवळ गेलाय. उजवा वयाच्या मानानं ठीक. पण बारीक, उंच आवाज दोन्हीकडून गेलेत. कुकरची शिट्टी, दाराची घंटा, असले."

"ते बायकोचे विषय आहेत," मी म्हणालो.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी डाव्या कानात बसवायचं एक यंत्र दिलं. तोही एक अँप्लिफायरच. दुसऱ्यानं हळू सांगितलेलं मोठ्यानं सांगणारा.

ते घालून मी एकटाच पीएमटीच्या बसनं वारज्याला निघालो. सुदर्शनला बरोबर घेतलं असतं, तर त्याच्यासमोर लाज वाटली असती. आणि लाज एका वेळी एकाच माणसासमोर वाटावी, एवढी सोय मी करून घेतली. बसमध्ये क्षमायाचनेचं भाषण तयार केलं. सुरुवातीला नम्रता, मधे एक कोटी, शेवटी एक सुभाषित. डेक्कन ओलांडेपर्यंत कोटी काढून टाकली. कर्वेनगर आलं तेव्हा सुभाषितही काढलं. उरलं ते फारच थोडं होतं आणि ते पाठ करावं लागलं नाही.

भिंतीवर पाटीच्या जागी चार खिळे होते. गाळ्यात यंत्र तसंच उघडं पडलं होतं, वर जुनं वर्तमानपत्र पांघरलेलं. दत्तोबा दारात म्हशीला आंबोण कालवत होते. मला पाहून उठले. "या सायेब. तुमी म्हनलावता तेच खरं. नाय सापडला दोष."

"सापडणार नाही, दत्तोबा," मी म्हणालो. "तो इथं नव्हताच. तो माझ्याबरोबर आला होता आणि माझ्याबरोबर परत गेला."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी बोलत गेलो. डावा कान तीन वर्षांपासून गेलाय. म्हैस ओरडली तेव्हाच मला कळलं होतं, तुम्ही बॉक्स उचलून घामाघूम झाल्यावर. कळूनही मी बोललो नाही. चारचौघांत शहाणा म्हणून आलो होतो, बहिरा म्हणून परत जायची लाज वाटली. म्हणून तुम्हाला बहिरं केलं आणि वर वयाचा सल्लाही दिला. तुमचं यंत्र निर्दोष आहे, दत्तोबा. तुमचा कान निर्दोष आहे. पाटी परत लावा. आयुष्यात पुष्कळ लोकांची टिंगल केली, त्यातल्या कुणाची माफी मागावीशी वाटली नाही. तुमची मागतो.

बोलता बोलता माझा आवाज चढला, थोडा कापलाही. दत्तोबांचा चेहरा ताणला गेला होता. डोळे बारीक झाले होते, मान एका बाजूला कलली होती, जबडा घट्ट मिटला होता. राग आवरत असावेत, किंवा रडू. म्हैसही खाणं सोडून कान टवकारून उभी होती. माझ्या शब्दांनी एवढा परिणाम तीस वर्षांत कुणावर केला नव्हता. मी हात जोडले आणि खाली मान घालून उभा राहिलो. पडेल ती शिक्षा घ्यायची, असं ठरवूनच आलो होतो.

त्यांनी आंबोणाचे हात पुसले. मग जवळ आले. डाव्या बाजूनंच आले, आणि माझ्या कानाकडं बोट दाखवत अगदी अजिजीनं म्हणाले,

"सायेब, तेवढं कानातलं जरा दाबून बसवता का? मघाधरनं शिट्टी मारतंय."